मल्टीपर्पज बाम: एकच डबी, चेहऱ्यापासून टाचांपर्यंत, तीही आपल्या दमट हवेत

येऊरची_हवा

त्वचेला लावायच्या चांगल्या बामची ओळख पोतावरून पटते. डबीत बोट दाबलं की वरचा थर क्षणभर अडतो, मग अंगाच्या उबेने सैल होतो, आणि दोन तळव्यांत चोळला की पाच-सहा सेकंदांत त्याचं तेल झालेलं असतं. गालावर लावल्यावर दहा मिनिटांत चिकटपणा ओसरतो आणि मागे नुसता मऊपणा राहतो. हे जमवून आणणं सोपं नाही. मेण जरा जास्त पडलं तर त्वचेवर ओढ बसते, बटर (शिया, कोकम अशा बियांचं घट्ट तेल) नीट थंड झालं नाही तर रवाळ लागतं, तेल वाढलं तर मे महिन्यात डबीत तळं साचतं. ज्या बाममध्ये हे सगळं बरोबर जुळलेलं असतं, त्याच्या प्रेमात पडायला वेळ लागत नाही.

पण ठाण्यात, नवी मुंबईत बरेच जण अशी महागाची डबी आणतात, क्रीमसारखी फासतात, चेहरा तुपकट झाला की "आपल्या हवेत हे चालत नाही" म्हणून कपाटात ठेवून देतात. हवेपेक्षा प्रमाण आणि पद्धत चुकलेली असते. त्यासाठी हा धागा.

मुख्य गोष्ट अशी की बाममध्ये पाणी नसतं. क्रीममध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं. बाम म्हणजे मेण, बटर आणि तेल, बस्स. तो त्वचेला ओलावा देत नाही, असलेला ओलावा उडू देत नाही. त्यामुळे कोरड्या, ठणठणीत पुसलेल्या चेहऱ्यावर लावला तर कोरडेपणाच आत कोंडला जातो, वर तेल आणि आत खेच.

पद्धत अशी. चेहरा धुऊन पंचाने फक्त टिपायचा, त्वचा दमट असायला हवी, आणि दोन-तीन मिनिटांच्या आत बाम लावायचा. पूर्ण चेहऱ्याला मसुरीच्या दोन दाण्यांएवढा पुरतो. आधी तळव्यांत पूर्ण वितळवायचा, मग गाल, हनुवटी, शेवटी कपाळ असं नुसतं दाबत जायचं. घासायचं नाही. डोळ्यांखाली अनामिकेवर उरलेला बाम फिरवला तरी पुरे. ५० ग्रॅमची डबी अशी वापरली तर कित्येक महिने चालते, आणि तिची किंमत बघताना हे लक्षात ठेवावं.

बाकी उपयोग: ओठ, नखांच्या कडा, कोपरं, टाचा, केसांची टोकं. गालाच्या उंचवट्यावर टिंब लावलं की उजळ दिसतं, हायलायटर लागत नाही. केस रंगवण्याआधी कपाळाच्या आणि कानाच्या कडेने बोटभर पट्टा ओढला की रंगाचा डाग त्वचेवर बसत नाही. नवी कोल्हापुरी चावते तिथे आधीच लावला तर घर्षण कमी होतं. मनगटावर पातळ थर देऊन त्यावर अत्तर लावलं तर वास जास्त वेळ टिकतो.

जाणकारांनी भर घालावी.

---

कोपरखैरणे_१५

छान धागा. एक शंका. ऐरोली, महापेकडे नोकरी करणाऱ्यांना दिवसभर एसी आणि जाता-येता ट्रान्स हार्बर लोकलमधला घाम. अशा वेळी सकाळी लावायचा की रात्रीच? आणि पावसाळ्यात बंद ठेवायचा का?

---

घटक_वाचक

सकाळी पूर्ण चेहऱ्याला नको. कारण सनस्क्रीन. सनस्क्रीनचा एकसारखा पातळ थर बसावा लागतो, खाली तेल-मेणाचा जाड थर असेल तर तो सरकतो, ठिकठिकाणी फाटतो आणि संरक्षण कमी पडतं. वरून बाम चोळला तरी तेच. त्यामुळे सकाळी साधं हलकं मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन, आणि बाम फक्त ओठ, नखं, कोपरांना. ऑफिसात एसीचा वारा थेट अंगावर येत असेल तर दुपारी ओठांना आणि हाताच्या पाठीला. चेहऱ्याचं काम रात्री.

पावसाळ्यात बंद करायची गरज नाही, जागा बदलायची. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच इतकी वाफ असते की त्वचेतलं पाणी फार वेगाने उडत नाही. मग कपाळ, नाक, पाठ यांना बाम देण्यात अर्थ नाही. ओठ, टाचा, सारख्या धुण्यामुळे कोरडे पडणारे हात, नाकपुड्यांच्या कडा यांना मात्र बारा महिने लागतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी गारठा पडला आणि हवा कोरडी झाली की पुन्हा गालांवर आणा.

आता लेबलाबद्दल. घटक उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, एक टक्क्यापेक्षा कमी असलेले मात्र शेवटी कसेही लिहिता येतात. म्हणून पहिली पाच-सहा नावं म्हणजेच खरा बाम. ब्युटीरोस्पर्मम पार्की म्हणजे शिया, गार्सिनिया इंडिका म्हणजे आपलं कोकम, सेरा अल्बा म्हणजे मधमाशीचं मेण, सिमाँडसिया म्हणजे जोजोबा. डबीवर मोठ्या अक्षरात "केशर" किंवा "गुलाब" असेल आणि यादीत ते व्हिटॅमिन ई आणि सुगंधाच्याही खाली असेल, तर त्याचं प्रमाण नाममात्र आहे असं समजा. वासासाठी आवडत असेल तर जरूर घ्या, त्वचेला त्याने काही होईल म्हणून नको.

पेट्रोलॅटम (म्हणजे पेट्रोलियम जेली) दिसलं की नाक मुरडणारे बरेच आहेत. चेजब्रोने व्हॅसलीनचं पेटंट १८७२ मध्ये घेतलं, आणि आजही त्वचेतलं पाणी रोखून धरण्यात त्याच्या तोडीचं दुसरं द्रव्य सहज मिळत नाही. शुद्ध केलेलं पेट्रोलॅटम रंध्रं बंद करत नाही आणि त्याची ॲलर्जीही क्वचितच होते. एलिझाबेथ आर्डेनचं एट अवर क्रीम १९३० पासून विकलं जातंय, त्याचा पायाही पेट्रोलॅटमच. फक्त ते त्वचेत मुरत नाही, वर बसून राहतं, आणि आपल्याकडच्या उकाड्यात तो थर नकोसा होतो. शिया, कोकम आणि स्क्वालेन (एक हलकं तेल) यांच्या बामला लोक जास्त पैसे मोजतात ते या अनुभूतीसाठी, आणि मला ते योग्य वाटतं. रोज आवडीने लावला जाणारा बाम हा न लावलेल्या उत्तम बामपेक्षा कधीही चांगला.

---

पाचपाखाडी

बोरोलीन आणि कैलास जीवन यांचं काय? घरोघरी तेच तर मल्टीपर्पज.

---

घटक_वाचक

दोन्हींचं काम वेगळं. बोरोलीन १९२९ चं, त्यात लॅनोलिन (लोकरीतला स्निग्ध पदार्थ) आहे पण बोरिक ॲसिड आणि झिंक ऑक्साइडही आहे, ते अँटिसेप्टिक मलम. बारीकसारीक कापलं-खरचटलं त्यासाठी ठीक, रोज रात्री पूर्ण चेहऱ्याला लावायचं ते नव्हे. कैलास जीवनात राळ आणि कापूर असतो, त्याने गार वाटतं. पण कापूर नाजूक त्वचेला झोंबतो, फुटलेल्या ओठांवर तर नकोच. रोजच्या बाममध्ये बोरिक, कापूर, मेंथॉल यातलं काही नसावं.

---

रंगभूषा_नौपाडा

बामचा जो उपयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो वर आलाच नाही: मेकअप काढणं. नाटकाचा पॅनकेक, वॉटरप्रूफ काजळ, लग्नाचा जाड बेस, यांना फेसवॉश पुरा पडत नाही आणि वाइप्सने घासघासून त्वचा लाल होते. बाम हे सगळं विरघळवतो, कारण रंगही तेला-मेणातच बसवलेले असतात.

आधी डबी बघा. यादीत पॉलिसॉर्बेट, पॉलिग्लिसरिल किंवा पीईजी असं काही असेल तर तो क्लेन्झिंग बाम, पाण्याबरोबर दुधासारखा होऊन निघून जातो. यातलं काहीच नसेल तर तो साधा बाम. तो पाण्याने निघत नाही, कपड्याने पुसावा लागतो. लोक इथे गोंधळतात आणि साध्या बामवर पाणी मारत बसतात.

हात कोरडे, चेहरा कोरडा. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढायच्या, तेलाचा थर लेन्सवर बसला तर धुरकट दिसतं आणि सहज निघत नाही. भरगच्च रंगभूषेला सपाट चमचाभर बाम, रोजच्या मेकअपला त्याच्या निम्मा. काढायला स्पॅच्युला वापरा. आधी गाल-कपाळ, मग मान, डोळे शेवटी. मिनिटभर हलक्या हाताने गोल गोल. काजळासाठी पापण्या मिटून बोट तसंच दहा सेकंद टेकवून ठेवा, मग खालच्या दिशेने ओढा. काजळ वितळून गालावर काळे ओघळ आले की समजायचं झालं.

त्यानंतर क्लेन्झिंग बाम असेल तर बोटं नुसती ओली करून पुन्हा मिनिटभर फिरवा. पांढरा दुधाळ झाला की भरपूर कोमट पाण्याने धुवा. हा टप्पा गाळून एकदम नळाखाली तोंड धरलं तर थर तसाच राहतो, आणि मग जबड्याच्या कडेला आणि केसांच्या रेषेला पुटकुळ्या येतात. उलट सुरुवातीलाच हात ओले असतील तर बाम आधीच पाण्याशी फुटतो आणि रंग पकडत नाही. साधा बाम असेल तर कोमट पाण्यात पिळलेला मऊ पंचा चेहऱ्यावर पंधरा सेकंद ठेवा, दाबून पुसा, पंचाची बाजू बदलून पुन्हा. दोन्ही प्रकारांत शेवटी सौम्य फेसवॉश हवाच.

चिकटवलेली दाढी-मिशी असेल तर जाळीच्या कडेला बाम दाबून भरा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग कडेपासून आत सोलत या. स्पिरिट गम (दाढी-मिशी चिकटवायचा गोंद) मऊ होतो, कातडी ओढली जात नाही. ठाण्याच्या घाणेकर किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात लागोपाठ दोन प्रयोग असतील, तर मधल्या वेळात चेहऱ्यावर बामचा अंशही राहता कामा नये, नाहीतर दुसऱ्या प्रयोगाचा बेस घामाबरोबर सरकतो. तिथे फेसवॉश दोनदा.

पापण्यांना एक्स्टेन्शन लावलेली असतील तर डोळ्यांजवळ बाम नको, तेलाने त्यांचा गोंद सुटतो.

---

मीनल_घणसोली

वाचनखूण साठवली. घरी करून बघायचा असेल तर? कोकमतेल वापरता येईल का? जांभळी नाक्यावर आणि कोकणातला माल ठेवणाऱ्या दुकानांत त्याच्या वड्या दिसतात.

---

सानपाड्याची_सई

मीनल, नक्की येईल, आणि आपल्या हवेला ते शियापेक्षा जास्त मानवतं. कोकमाच्या बियांचं हे तेल खोलीच्या तापमानाला घट्ट आणि ठिसूळ असतं, ४० अंशांच्या आसपास वितळतं. त्यामुळे उन्हाळ्यात बामला कणा देतं आणि त्वचेवर चपचपत नाही. कोकणात भेगांना लावायचं मुठेल ते हेच.

वडी घेताना तोडून बघा. शुद्ध असेल तर कट्‌कन मोडते आणि तुकडा बोटांत धरला की हळूहळू कडा सुटतात. लोण्यासारखी दबली तर वनस्पती तूप मिसळलेलं असू शकतं. खवट वास आला तर घेऊच नका, तो वास पुढे कशानेही झाकला जात नाही. गावठी वडीत बियांचा गाळ असतो, वितळवून मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या.

१०० ग्रॅमसाठी माझं प्रमाण: मधमाशीचं पिवळं मेण १८ ग्रॅम, कोकमतेल १२, शिया २०, जोजोबा २५, स्क्वालेन १४, एरंडेल १०, व्हिटॅमिन ई अर्धा ग्रॅम आणि लव्हेंडरचं तेल अर्धा ग्रॅम. चेहऱ्यासाठी सुगंधी तेल यापेक्षा जास्त नको, ओठांसाठी असेल तर अजिबात नको. सगळं वजनाने, अर्धा ग्रॅम पकडणारा काटा हवा. चमच्याने मोजलं तर दर वेळी वेगळा बाम होतो, कारण किसलेलं मेण चमच्यात सारखं बसत नाही. उन्हाळ्यात पर्समध्ये ठेवायचा असेल तर मेण २१-२२ करा आणि तेवढं जोजोबा कमी करा. ओठांसाठी मेण २५ पर्यंत न्या. मधमाशीचं मेण नको असेल तर कँडेलिला (वनस्पतीचं मेण) घ्या, पण तो बराच कडक, मधमाशीच्या मेणाच्या निम्म्याच्या आसपासच पुरतो. मेणाएवढाच घातला तर दगड होईल.

भांडी, चमचे, डब्या धुऊन कडकडीत वाळलेल्या हव्यात. पातेल्यात दोन बोटं पाणी, त्यात स्टीलची वाटी, मंद आच. वाटीवर झाकण ठेवायचं नाही, त्याला साठलेली वाफ आत ठिबकते. आधी मेण आणि कोकमतेल. मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, ७५ च्या वर न्यायची गरज नाही. पूर्ण पारदर्शक झालं की शिया घाला आणि त्याच उष्णतेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. शियात वेगवेगळ्या तापमानाला गोठणारे घटक असतात, त्यांचे जुने कण पूर्ण विरघळले नाहीत तर थंड होताना त्यांच्याभोवतीच पुन्हा कण धरतात. बाम रवाळ होतो तो यामुळे. मग गॅस बंद, जोजोबा, एरंडेल, स्क्वालेन घालून ढवळा. गार तेलामुळे कडेला मेण गोठलं तर वाटी पुन्हा पाण्यात धरा.

आता लक्ष द्यायचा क्षण. मिश्रण काचेसारखं स्वच्छ असतं, ५५ अंशांच्या आसपास कडेला पहिली धूसर रेघ उमटते. ती उमटायच्या जरा आधी व्हिटॅमिन ई आणि सुगंधी तेल घालून लगेच ओतायचं. फार गरम असताना घातलं तर सुगंध उडतो, रेघ पसरल्यावर ओतलं तर पृष्ठभागावर वळ्या पडतात.

डब्या खोलीच्या तापमानाला आणून ठेवा. थंड ॲल्युमिनियमच्या डबीत कडा आधी गोठतात, मधलं तेल आकसतं आणि मधोमध खड्डा पडतो. पडलाच तर हेअर ड्रायरने वरचा थर वितळवा, आपोआप भरतो. ओतल्यावर दहा मिनिटांनी झाकण न लावता फ्रिजमध्ये वीस मिनिटं, म्हणजे भरभर गोठतो आणि कण धरायला वेळ मिळत नाही. बाहेर काढल्या काढल्या स्वच्छ कोरडं झाकण लावून टाका आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. उघडी गार डबी आपल्या हवेत ठेवली की वर दव धरतं.

रवाळ झाला तरी टाकायचा नाही. पुन्हा वितळवून ७५ ला वीस मिनिटं धरा आणि भरभर गार करा, मऊसूत होतो. सुगंध मात्र कमी होईल.

वाटी थेट सिंकमध्ये धुऊ नका. गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्या, मग साबण. मेण पाइपमध्ये गोठलं की खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना त्रास.

---

कोपरखैरणे_१५

सईताई, किती सविस्तर! जोजोबा महाग पडतं, त्याऐवजी बदाम किंवा खोबरेल चालेल का? गुलाबबियांचं तेल पण ऐकलंय.

---

सानपाड्याची_सई

बदाम चालेल, मात्र ताजं, लहान बाटलीतलं घ्या. खोबरेल १०-१५ ग्रॅमपर्यंत ठीक. ते साधारण २४-२५ अंशांना वितळतं, म्हणजे आपल्याकडे थंडीत घट्ट आणि उन्हाळ्यात पाणी. जास्त घातलं तर बामचा पोत ऋतूप्रमाणे बदलत राहतो. काहींना त्याने चेहऱ्यावर पुटकुळ्याही येतात. गुलाबबियांचं तेल त्वचेला फार छान, पण लवकर खवट होतं. घालायचंच तर ५ ग्रॅम, शेवटच्या टप्प्यात, आणि डबी तीन-चार महिन्यांत संपवायची. व्हिटॅमिन ई हे खवटपणा लांबवतं, बुरशी थांबवत नाही.

आणि कोरफडीचा गर, गुलाबपाणी, मध असलं काही यात घालू नका. हे पाण्याचे पदार्थ. तेलात मिसळत नाहीत, खाली बसतात आणि आठवड्याभरात बुरशी. शतधौत घृतात (पाण्याने शंभर वेळा धुतलेल्या तुपात) पाणी असतं म्हणून तेही थोडं थोडंच करून लवकर वापरायचं.

---

डॉ_कळवा

धागा चांगला चाललाय. त्वचारोगाच्या बाजूने काही गोष्टी जोडतो, कारण आमच्याकडे बाम लावून बिघडलेलं प्रकरण येतं तेव्हा ते जवळजवळ नेहमी चुकीच्या जागी लावलेलं असतं.

गजकर्ण. जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, छातीखाली गोल, कडेला लाल, खाजणारा चट्टा असेल तर तिथे कुठलाही बाम नको. बुरशीला ऊब आणि दमटपणा हवा असतो, बाम दोन्ही देतो. त्याहून वाईट म्हणजे केमिस्टकडून आणलेलं स्टिरॉइड मिसळलेलं क्रीम लावून वर बाम. झाकलेल्या त्वचेत स्टिरॉइड जास्त शोषलं जातं, त्वचा पातळ होते, चट्टा पसरतो. हेच सॅलिसिलिक ॲसिडच्या बाबतीत. जोरदार औषधावर झाकण घालायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच.

कपाळावर, केसांच्या रेषेला, पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या येत असतील तर ती नेहमीची मुरुमं नसून मॅलासेझियाचा त्रास असू शकतो. ही यीस्ट त्वचेवरच्या स्निग्धावर जगते. शिया, कोकम, बदाम सगळं तिचं खाद्य. असे लोक पावसाळ्यात बाम फक्त ओठांना ठेवोत.

रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए गटातलं त्वचेचं औषध) लावणाऱ्यांना मात्र बाम फार उपयोगी. आधी नाकपुड्यांच्या घड्या, ओठांचे कोपरे, डोळ्यांचे कोपरे यांवर पातळ बाम, मग बाकी चेहऱ्यावर औषध. ज्या जागा सोलतात त्या वाचतात.

टाचांच्या भेगा: नुसता बाम वर्षभर लावला तरी जाड कातडी जात नाही. आधी १० ते २० टक्के युरियाचं क्रीम, ते मुरलं की वर बाम, मग सुती मोजे. भेगेतून रक्त येत असेल तर युरिया झोंबेल, तेव्हा चार दिवस फक्त बाम. मधुमेहींनी ब्लेडने किंवा दगडाने खरवडू नये, पाय दाखवून घ्यावेत.

टिकलीच्या जागी बाम लावून खाज थांबत नाही. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने तिथे पांढरा डाग पडू शकतो. डाग फिकट व्हायला लागला की टिकली बंद करून तपासून घ्या. राहिलेला गोंद काढायला मात्र बाम उत्तम: लावा, पाच मिनिटांनी कापसाने पुसा.

लहान मुलांसाठी सुगंध नसलेला बाम. दोन वर्षांखाली कापूर, मेंथॉल, निलगिरी असलेलं काहीही नाकाजवळ नको. दवाखान्यात काम करणाऱ्यांनी लेटेक्सचे ग्लोव्ह्ज घालण्याआधी हाताला बाम लावू नये, तेलाने लेटेक्स कमकुवत होतं. ड्युटी संपल्यावर लावा.

नवी डबी आणली की कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात दिवस. एकदा लावून तासाभरात काही झालं नाही म्हणजे सुरक्षित असं नसतं. ॲलर्जीची पुरळ दोन-तीन दिवसांनीही उठते. लॅनोलिन, सुगंधी तेलं आणि मेणात राहिलेला प्रोपोलिस (मधमाश्यांनी गोळा केलेला डिंक) हे नेहमीचे संशयित.

---

मीनल_घणसोली

डॉक्टर, लिंबाचं किंवा संत्र्याचं तेल वासासाठी घातलं तर?

---

डॉ_कळवा

घाण्यावर काढलेलं लिंबाचं आणि बर्गामॉटचं तेल लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि तपकिरी डाग महिनोन्महिने राहतात. आपल्या त्वचेवर ते डाग फार उठून दिसतात. गोड संत्र्याच्या तेलात हा धोका नगण्य, पण जुनं झालं की ॲलर्जी वाढते. चेहऱ्याच्या बाममध्ये बिनवासाचाच माझा सल्ला.

---

पाचपाखाडी

विकत घेणाऱ्यांसाठी: किमतीला ग्रॅमने भागा. १५ ग्रॅमची सुबक डबी आणि १०० ग्रॅमची साधी डबी यांची तुलना त्याशिवाय होत नाही. आधी लहान आकार किंवा सॅम्पल घ्या. डबीवर घटक, बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख, वापरण्याची मुदत आणि निर्मिती परवान्याचा क्रमांक असायला हवा, परदेशी असेल तर आयात नोंदणीचा. सोसायटीच्या ग्रुपवर आणि दिवाळीच्या प्रदर्शनांत घरगुती बाम विकले जातात. स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी करणं वेगळं, विक्रीसाठी कॉस्मेटिक्स नियम, २०२० प्रमाणे परवाना लागतो. परवाना नसेल तर काही बिघडलं तेव्हा बॅच कुठली, त्यात काय होतं, याचा पत्ताच लागत नाही. ज्यांचा माल खरंच चांगला आहे त्यांनी परवानाधारक कारखान्यातून करून घ्यावा, म्हणजे तो टिकेल आणि वाढेल.

उघड्या डबीच्या चित्रात ६ एम किंवा १२ एम लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने. उघडल्याची तारीख तळाला मार्करने लिहून ठेवा.

---

घटक_वाचक

साठवणीबद्दल एक राहिलं. पावसाळ्यात बाम फ्रिजमध्ये ठेवून रोज काढू नका. सईने सांगितलेलं दव रोज धरणार आणि रोज बोटाने आत जाणार. कपाटात, उन्हापासून लांब, घट्ट झाकणात ठेवा. न्हाणीघरात नको. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर नकोच, पूर्ण वितळून हळूहळू गोठला की रवाळ होतो. वर तेलाचे थेंब दिसले तर बाम खराब झालेला नसतो, उष्णतेने तेल सुटलेलं असतं, टिपून घ्या. पण खवट वास, किंवा हिरवे-काळे ठिपके दिसले तर वरचा थर खरवडून वापरू नका, सगळी डबी टाका.

---

रंगभूषा_नौपाडा

+१. आणि डबीत ओलं बोट कधीच नाही. लग्नाच्या सीझनमध्ये एका डबीतून अनेक चेहरे होतात, तिथे कोरड्या स्पॅच्युलाने आधी प्लेटमध्ये काढून घ्यायचा आणि उरलेला परत आत टाकायचा नाही.

---

मीनल_घणसोली

शेवटचं विचारते. मनगटाला बाम आणि पैठणीचा पदर, डाग पडला तर?

---

रंगभूषा_नौपाडा

पाणी लावायचं नाही, चोळायचं नाही. आधी टिपकागदाने दाबून जेवढं निघेल तेवढं काढा. डागाच्या खाली आणि वर बिनवासाची टाल्कम पावडर जाडसर घाला, रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशने झटका. तेल पावडरीत येतं. डाग फिका झाला असेल तर हेच पुन्हा. तरी राहिला तर ड्रायक्लीनला देताना "तेल-मेणाचा डाग" असं सांगून जागा दाखवा. इस्त्री मात्र त्याआधी करू नका, उष्णतेने मेण धाग्यात पक्कं बसतं. सुती कपड्याला सोपं: कोरड्या डागावरच भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, दहा मिनिटं, मग गरम पाणी.

आणि साडी नेसायच्या दिवशी बाम नेसण्याआधी अर्धा तास लावून जादा टिपून घ्या.